तीस हजार एकतिसावे पोते

१

परतूरच्या बाजाराच्या टोकाला, रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून, बंद पडलेल्या एका जिनिंगची पत्र्याची शेड उभी होती. त्र्याहत्तरच्या दुष्काळात तिचे धान्याचे गोदाम झाले. भिंतींतला सरकीचा वास मात्र गेला नाही. छताखालच्या ज्या लोखंडी दांड्यावर एके काळी यंत्रांचे पट्टे फिरत, तो तसाच आडवा राहिला आणि त्यावर पारव्यांनी बिऱ्हाड केले. खाली फरशीवर परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची पोती होती. माणसांनी नाक मुरडावे असे ते धान्य. पण त्या उन्हाळ्यात नाक मुरडण्याइतके त्राण असलेली माणसे भोवतालच्या गावांत फारशी उरली नव्हती.

गोदामपाल तातेराव मगरे यांनी पोत्यांची थप्पी कशी लागावी याचा एक नियम घालून दिला होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. तळाला सात पोती रुंद, अकरा पोती लांब, आणि वर तेरा थर. एका थप्पीत एक हजार एक पोती. हमालांचा मुकादम कारभारी याला हे सारे थेर वाटत.

"साहेब, सरळ हजाराची थप्पी लावा ना. हे वरचं एक कशापायी?"

"दोनशे सदतीसला एक हजार एकने गुण."

"आता मी काय गुनू?"

"दोन लाख सदतीस हजार दोनशे सदतीस. तोच आकडा दोनदा लिहायचा, की झाला गुणाकार. तीन अंकांची कोणतीही संख्या घे. आहे की नाही गंमत?"

"हाय ना," कारभारी पाठ चोळीत म्हणे. "फक्त आमच्या पाठीला ती अजून कळंना."

वॅगन आल्या की अशा तीस थप्प्या लागत. तीस हजार तीस पोती. ही संख्या तातेरावांना एखाद्या गुणी मुलासारखी प्रिय होती. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या पहिल्या सहा मूळ संख्यांचा तो गुणाकार. सहांपैकी कोणीही यावे, समान वाटे पाडावेत आणि निघून जावे. मागे काही उरत नाही.

मागे उरलेले त्यांना सोसत नसे. निजामाच्या अमलातल्या त्यांच्या शाळेत गुरुजी रोज सकाळी मुले मोजीत आणि शेवटी म्हणत, "एकतीस, आणि बाहेर एक." बाहेरचा तो एक म्हणजे तातेराव. पायरीवर बसून, दारातून येईल तेवढे ऐकून त्यांनी पाढे पाठ केले. पुढे मिळतील ती गणिताची पुस्तके स्वतःच वाचून काढली. छप्पन साली कुटुंबाने धम्म स्वीकारला, त्यानंतर काही वर्षांनी ही नोकरी लागली. आज गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि त्या कधी काढून घेता येतील याची वाट गावात कोण कोण पाहत आहे, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांच्या हिशेबात दाणा इकडचा तिकडे होत नसे. आणि म्हणूनच ते सदा चिडलेले असत.

२

गोदामाच्या बाजूच्या खिडकीतून तलावाच्या कामावरील छावणीला धान्य मिळे. छावणीत माणसे पाचशे आठ; माणशी माप ठरलेले. बुधवारी जुना साठा संपला, त्याच दिवशी नव्या वॅगन खाली झाल्या आणि सायंकाळपूर्वी तिसावी थप्पी उभी राहिली. शेवटचे माप देऊन तातेराव खिडकीची फळी ओढून घेत होते, तेवढ्यात गजांतून एक हात आत आला.

हात गोजरबाईचा होता. ही म्हातारी काही दिवसांपासून खिडकीखाली भिंतीला टेकून बसत असे. गुडघे पोटाशी, मान खाली, आणि हातात शिवायला घेतलेली एक फाटकी गोधडी.

"मला बी मोजा की, बाबा."

"शिधापत्रिका?"

"ती लेकाकडं ऱ्हायली. लेक गेला पोट भराया, मी हितं खडी फोडून राह्यले."

"पत्रिकेवर नाव नाही, त्याला धान्य नाही. छावणीत माणसे पाचशे आठ. त्यांत तुमचे नाव नाही."

म्हातारीने थोडा विचार केला. "नाव नसंल," ती म्हणाली. "मी तं हाये ना."

तातेरावांच्या मस्तकात तिडीक गेली. एका म्हातारीला एक माप दिले, की तेच माप उद्या त्यांच्या गळ्यात बांधले जाणार होते. नियम त्यांनी केला नव्हता. नियम करणारे लोक पंख्याखाली बसत, आणि तो मोडण्याची गळ मात्र नेहमी खिडकीतल्या माणसाला घालण्यात येई!

"तुमची गणती इथे होत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फळी लावली. बोटे अगदी शेवटच्या क्षणी मागे गेली.

नंतर बराच वेळ, जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज बाहेरून येत राहिला. सर्र. थांबून पुन्हा सर्र. तातेरावांनी दिवसाची कामे आवरली, मोठ्या दाराला कुलपे घातली आणि ते घरी गेले.

३

गुरुवारी सकाळी कारभारीला बरोबर घेऊन त्यांनी साठ्याची मोजणी केली. सोमवारी तपासणीला वरचे साहेब यायचे होते. नवा साठा कागदाशी जुळल्याखेरीज वाटप सुरू करू नये, असा हुकूम होता. हे काम एरवी घटकाभराचे. थप्पीचे कोपरे पाहायचे, थर मोजायचे आणि पुढे जायचे.

मध्येच कोणी तरी खिडकीची फळी ठोठावली.

"तात्या, आरं आईक जरा..."

"मोजणी चालू आहे!" तातेराव आतूनच ओरडले. "मोजताना बोलू नये, एवढेही कळत नाही?"

ठोठावणे थांबले. ते पुढे निघाले. तीसही थप्प्या बिनचूक होत्या. शेवटची थप्पी ओलांडून ते खिडकीकडच्या बोळात वळले आणि जागच्या जागी उभे राहिले.

खिडकीखाली, भिंतीला लागून, एक पोते होते.

पोते आडवे पडते किंवा ताठ उभे राहते. हे बसले होते. खालचे दोन कोपरे पुढे आलेले, पोट आत गेलेले, आणि शिवलेले तोंड एका बाजूला कलून खाली झुकलेले.

"हे कोणी ठेवले?"

"आमी न्हाई बा," कारभारी म्हणाला. "काल म्या सोता झाडून घेतली ही जागा. तुमीच कुलूप लावलं."

"मग ते चालत आले का?"

"वॅगनीत एखादं जास्तीचं आलं आसंल. ऱ्हाऊ द्या की. साहेब, पोतं वाढलं म्हून कपाळाला हात लावनारा मानूस म्या पैल्यांदा पाह्यला."

"वाढलेल्या पोत्याचा अर्थ कळतो तुला? जुना साठा वाटताना मी लोकांना मापात मारले आणि दाणा दाणा वाचवून हे पोते भरले, असे म्हणतील!"

"कोन म्हनंल आसं?"

"म्हणायलाच बसले आहेत सगळे."

कारभारीने ते नाकारले नाही, याचाच तातेरावांना अधिक राग आला.

एखाद्या थप्पीत एक पोते कमी लागले असेल, पोकळी वरून दिसत नसेल, असे त्यांनी ठरवले. खिडकीजवळची थप्पी त्यांनी उतरवायला लावली आणि पुन्हा रचायला लावली. हमाल घामाने निथळले, शिव्या देऊ लागले. त्या थप्पीत एक हजार एक पोती भरली. खिडकीखालचे पोते जिथल्या तिथे होते. इतकेच, की आता त्याचे तोंड मघापेक्षा थोडे वर उचललेले वाटत होते. थप्पी हलवताना फरशीला हादरे बसतात, हे तातेरावांना माहीत होते. आणि पोते ठिकाणावर बसता बसता सरकते, हेही माहीत होते.

४

दुपारी त्यांनी ते पोते काट्यावर ठेवायला लावले. प्रत्येक पोते क्विंटलभराचे असायचे. हे अडतीस किलो भरले.

"मोठं हाय, पन हलकं हाय," कारभारी म्हणाला, आणि त्याने हात धोतराला पुसले. "गरम बी हाय."

"कोंडलेले धान्य तापते."

"तापतं ना. पन ते आतून भपकारतं. हे निस्तं कोमट हाय."

तातेरावांनी स्वतः हात लावून पाहिला. तागाच्या खरखरीत कापडाखाली ऊब होती; ताप उतरत आलेल्या कपाळाला असते तशी. त्यांनी हात काढून घेतला आणि पोत्याचे तोंड निरखले. साऱ्या पोत्यांना यंत्राची शिवण होती. याला हाताची होती. बारीक, एकसारखा धावदोरा, गोधडीला घालतात तसा.

वॅगनमध्ये फाटलेले पोते कोणी तरी हाताने शिवले असेल. त्यातून सांडल्यामुळे वजन घटले असेल. या दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या आणि तातेरावांनी त्या स्वतःला पटवल्या. "याला बाहेरच्या खोलीत टाका," त्यांनी सांगितले. बाहेरची खोली म्हणजे जिनिंगच्या जुन्या मालकाची बैठक. आता तिथे मोडकी खुर्ची आणि रिकाम्या गोण्या पडून असत. पोते आत गेले, खोलीला कुलूप लागले, किल्ली तातेरावांच्या जुडग्यात गेली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गोदामाचे दार उघडले. पारवे उडाले, पंखांचा फडफडाट पत्र्यावर आदळून खाली आला आणि विरला. मग ती शांतता पसरली, जी धान्याने भरलेल्या खोलीतच असते. आवाज गिळणारी, जाड. त्या शांततेत सर्र असा एक आवाज झाला.

उंदीर, असे ते मनाशी म्हणाले. खिडकीकडच्या बोळात वळले. पोते खिडकीखाली बसलेले होते.

बाहेरच्या खोलीचे कुलूप जसेच्या तसे होते. आत रिकाम्या गोण्यांवर, कोणी तरी बसून उठावे तसा खळगा पडला होता.

तातेराव भ्याले नाहीत. त्यांना संताप आला, आणि ते बरेच झाले. संताप हा त्यांच्या ओळखीचा होता. कोणी तरी दुसरी किल्ली करवून घेतली आहे. कोणाला तरी त्यांची नोकरी हवी आहे. पायरीवरच्या पोराने खुर्चीवर बसावे, हे कोणाला तरी अजून सहन होत नाही. त्यांनी बाजारातून नवी कुलपे आणली, स्वतःच्या हाताने लावली, आणि पोते पुन्हा त्या खोलीत टाकले.

शनिवारी ते खिडकीखाली होते.

५

एव्हाना छावणीची माणसे शेडच्या भिंतीला लागून रांगेने बसू लागली होती. ओरडण्याइतकी शक्ती त्यांच्यात नव्हती. आणि न ओरडणारी रांग ओरडणाऱ्या रांगेहून वाईट, कारण तिच्यावर उलटे ओरडता येत नाही.

रांगेत कांताबाई होती. ही तातेरावांच्या वडिलांची चुलत बहीण, म्हणजे त्यांची आत्या. पत्र्याच्या छोट्या डबीत ती मिशरी ठेवी आणि बोलताना अंगठ्याच्या नखाने त्या डबीवर टिचक्या मारी. टिक टिक, टिक टिक. लहानपणी तातेराव पायरीवर बसून पाढे म्हणत, तेव्हा हीच शेणी थापायची थांबवून ठेका धरायची.

"आत्या, घरी चल," तातेराव खिडकीतून म्हणाले. "किती वेळा सांगू? माझ्या घरी काय भाकरीला तोटा आहे? उन्हात बसून माझी अब्रू घेतेस."

"तुझ्या घरी मी एकटीच येऊ का समदी रांग आनू?"

"भलते बोलू नकोस."

"मंग मी हितंच बरी. ह्यांच्यासंगं खडी फोडली, ह्यांच्यासंगंच खाईन." टिक टिक. "काय रं, एका पोत्यापायी पाचशे तोंडं बंद ठिवलीस म्हनं? जास्तीचं हाय तं वाटून टाक ना."

"जास्तीचे वाटले, तर ते कुठून आले असे विचारतील. वाटले नाही, तरी तेच विचारतील. साठ्याचा मेळ बसला पाहिजे."

"मेळ बसंल तवर आमी उठलेलो आसू." ती हसली. पुढचे दोन दात नसलेले ते हसणे तातेरावांना फार ओळखीचे होते, आणि त्या दिवशी ते त्यांना पाहवेना. "तू पायरीवर बसायचास, तवा लई गुनी पोरगं होतास. आत बसाया लागलास आन बिघडलास बघ."

रांगेत दोन-तीन बाया खुसखुसल्या. तातेरावांचे कान तापले.

"माझ्या जागी दुसरा असता, तर सोमवारी चूक निघाली म्हणून त्याची बदली झाली असती," ते म्हणाले. "मला चोर म्हणतील, आत्या. आणि मला एकट्याला म्हणणार नाहीत. तुम्हा सगळ्यांना म्हणतील."

कांताबाईने डबीवरचे नख थांबवले. "ते खरं हाय," ती हळूच म्हणाली. "पन भूक बी खरी हाय."

तातेरावांनी फळी लावली.

६

त्याच दुपारी, तिपाईवर बसून, खडू घेऊन, त्यांनी ती संख्या समोरच्या फरशीवर लिहिली. तीस हजार एकतीस. पोते समोर होते. पत्रा उन्हाने तापून वर कडकड वाजत होता.

दोनने भागले. पंधरा हजार पंधरा, बाकी एक.
तीनने. दहा हजार दहा, बाकी एक.
पाचने. सहा हजार सहा, बाकी एक.
सातने, अकराने, तेराने. बाकी एक, बाकी एक, बाकी एक.

हे असेच होणार हे भागाकार न करताही सांगता आले असते. सहाही संख्यांनी पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येत एक मिळवला, की सहाही वेळा एकच उरणार. तरीही त्यांनी प्रत्येक भागाकार पूर्ण लिहून काढला. ज्याने त्याने आपले वाटे पाडावेत आणि दर वेळी तो एक बाहेर उभा राहावा! हातातला खडू मोडला.

"कशानेच भाग जात नाही," ते पोत्याला उद्देशून मोठ्याने म्हणाले. "तू मूळ संख्या आहेस. तुझा वाटा पडत नाही."

बोलता बोलता त्यांना स्वतःचीच चूक दिसली, आणि स्वतःची चूक सोडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सहा संख्यांनी भाग गेला नाही म्हणून कोणतीच भागणार नाही, हे सिद्ध झाले नव्हते. वर्गमुळापर्यंतची, म्हणजे एकशे त्र्याहत्तरपर्यंतची, प्रत्येक मूळ संख्या लावून पाहिल्याशिवाय तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांनी दुसरा खडू घेतला. सतरा: बाकी नऊ. एकोणीस: बाकी अकरा. तेवीस, एकोणतीस, एकतीस. फरशी पांढरी होत गेली. सत्तेचाळीस: बाकी पंचेचाळीस. त्रेपन्न: बाकी तेहेतीस.

एकोणसाठ.

एकोणसाठने भाग पूर्ण गेला. बाकी शून्य. भागाकार पाचशे नऊ.

तातेराव पाहत राहिले. उलटा गुणाकार करून पाहिला. मग पाचशे नऊचेही तुकडे पडतात का ते पाहिले; पडत नव्हते. म्हणजे ही संख्या निःशेष वाटायची, तर रास्त वाटे असे दोनच: एकोणसाठ, नाही तर पाचशे नऊ. पाचशे नऊ जणांत माणशी एकोणसाठ पोती! असे वाटप कोणत्या राज्यात होते? ते रागाने हसले. हसू पत्र्याखाली घुमले आणि थप्प्यांत शिरून नाहीसे झाले.

आणि ते एक पोते वगळले, तर? तीस हजार तीस. पाचशे नऊपैकी कोणाला तरी एक कमी पडत होते.

पुष्कळ वेळाने ते उठले आणि त्यांनी खिडकीची फळी सरकवली.

"आत्या, ती म्हातारी कुठे आहे? इथे बसायची ती. गोधडीवाली."

"गोजरबाई?" कांताबाईने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांना मान फिरवावीशी वाटली. "ती बेस्तरवारी पहाटंच गेली की. हितंच, ह्या खिडकीखाली. सुई हातातच व्हती. आमी उचलून नेली, रुळाकडंच्या लिंबाखाली माती दिली. तुला सांगाया आल्ते मी. तू म्हनलास, मोजनी चालू हाय."

तातेरावांनी गजांतून खाली, भिंतीच्या पायाशी पाहिले.

"तिला धरून पाचशे नऊ व्हतो आमी," कांताबाई म्हणाली.

"पाचशे आठ."

"पाचशे नऊ, तात्या."

"कागदावर पाचशे आठ!" त्यांचा आवाज चढला. तिच्यावर चढला, की मागच्या बोळात बसलेल्या त्या गोष्टीवर, हे त्यांनाही सांगता आले नसते. "कागदावर असेल तेच मी मोजतो. मी न मोजलेल्या प्रत्येक माणसाचा जाब मी द्यायचा का? मला पायरीवर बसवले, तेव्हा माझा जाब कोणी दिला?"

"कोनीच न्हाई दिला," कांताबाई म्हणाली. "म्हून तं म्हनते. येकदा तोंडानं म्हन, पाचशे नऊ. लिहू नको, निस्तं म्हन. म्हनायला काय खर्चा येतो का?"

शब्द जिभेवर आला होता. पण रांगेतली सारी तोंडे खिडकीकडे वळली होती, कारभारी दारात उभा राहून ऐकत होता, आणि आजवर कोणी सांगितले म्हणून तातेरावांनी आकडा बदलला नव्हता.

त्यांनी फळी लावली. पलीकडून टिक टिक, टिक टिक ऐकू आले, पूर्वीपेक्षा संथ. मग तेही थांबले.

७

रविवारी पहाटेच, ऊन चढण्यापूर्वी, तातेराव गोदामावर आले. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवले होते, की हे पोते आज उसवायचे. लाल दाणे फरशीवर सांडले, की साऱ्या प्रकाराचा निकाल लागेल.

पारवे उडाले नाहीत. दांड्यावर ओळीने, अंग फुगवून ते बसून होते. तातेराव थप्प्यांमधून चालत गेले. प्रत्येक थप्पीशी ते सवयीने आकडा म्हणत होते, आणि सवयीच्या आधाराने पाय पुढे पडत होते. तीस हजार तीस. बोळात वळले.

खिडकीखाली पोते होते. त्याला लागून, खांद्याला खांदा लावून, दुसरे होते.

दुसरे ठेंगणे होते. त्याचे तोंड पहिल्याकडे कललेले होते. उन्हात रांगेत बसलेल्या बाया एकमेकींकडे कलतात, तसे.

तीस हजार बत्तीस, असे तातेराव मनात म्हणाले. सम संख्या. दोनने भाग जातो. मन हिशेब करीत राहिले, कारण ते थांबले असते तर दुसरे काही तरी सुरू झाले असते. कारभारीची खोडी. दुसरी किल्ली. कुलपे नवी होती, हे खरे; पण नव्या कुलपाचीही किल्ली होते.

मग त्यांना आवाज ऐकू आला. टिक टिक. टिक टिक.

पत्रा उन्हाने वाजतो. तातेरावांनी वर पाहिले. पत्र्याच्या भोकांतून आकाश अजून राखी दिसत होते. उन्हाचा पत्ता नव्हता. पत्रा थंडगार होता. आवाज खालून येत होता, त्या दोघांच्या मधून, आणि त्याचा ठेका त्यांना पाठ होता. बे एके बे, बे दुणे चार.

ते खिडकीपाशी गेले नाहीत. तिथे जायचे तर त्या दोघांच्या वरून हात घालावा लागला असता. ते मोठ्या दाराकडे धावले. आयुष्यात ते कधी धावले नव्हते. बाहेर रांग बसली होती, आणि कारभारी डोक्यावरचे मुंडासे काढून हातात धरून उभा होता.

"साहेब, छावनीतून निरोप हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता. "तुमच्या आत्या... कांताबाई... पहाटं..."

तातेरावांनी हात वर करून त्याला थांबवले. मग दोन्ही हातांनी त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला आदळेपर्यंत ढकलल्या. एरवी फक्त वॅगनचा माल उतरवताना सताड उघडणारे ते दार त्या दिवशी पहिल्यांदा माणसांसाठी उघडले.

"पाचशे नऊ!" ते ओरडले. घसा फाटला, तरी ओरडत राहिले. "पाचशे नऊ माणसं! सगळे या! आत या! पाचशे नऊ!"

रांग आधी हललीच नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून लोकांना ती शिवीच वाटली असावी. मग झुंबरबाई नावाची एक उंच, हाडकुळी बाई उठली, पदर खोचून आत आली, आणि तिच्यामागून बाकीची माणसे आली. तातेरावांनी बोळाच्या तोंडाशी असलेल्या थप्पीतले पहिले पोते स्वतः ओढून पाडले, कोयत्याने त्याची शिवण तोडली आणि माप हातात घेतले. लाल दाणे फरशीवर सांडले, खडूने लिहिलेल्या भागाकारांवरून घरंगळत गेले. सोमवारी काय होईल हे त्यांना स्पष्ट दिसत होते. किल्ल्या जाणार होत्या. नावही जाणार होते.

झुंबरबाई पुढे आली नाही. ती मध्येच थबकली होती. बाहेरच्या उजेडातून आतल्या अंधारात आलेले डोळे बारीक करून ती खिडकीकडच्या बोळात पाहत होती. मग तिने कमरेवर हात ठेवले.

"आमी इतके दिस उन्हात बसलेलो," ती चिडून म्हणाली, "आन ह्या दोघींना आमच्या आदी कुनी आत घेतलं?"

तातेरावांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी माप दाण्यांत खोल घातले, शीग लावून भरले आणि बोळाच्या दिशेने फरशीवर ठेवले. मग दुसरे भरून त्याच्याशेजारी ठेवले.

पाठीमागचे टिक टिक थांबले.

"त्यांचं आदी," ते म्हणाले. "मंग तुमचं."